गंगापूर किती टक्के?

जुलै लागला की आपल्या नाशिकात दोनच प्रश्न असतात. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं आणि शहराला पाणी देणारं गंगापूर धरण किती टक्के भरलं? टक्के ऐंशीच्या पुढे गेले की आपण निर्धास्त. विसर्ग सुरू झाला की होळकर पुलावर ही गर्दी! त्या गर्दीत मीही उभी राहिले आहे. पण हे टक्के नेमके कशाचे, हे आपण कधी विचारत नाही.

धरण बांधलं तेव्हा त्यात सुमारे ७२०० दशलक्ष घनफूट पाणी मावायचं. आज १०० टक्के भरलं म्हणजे ५६३०. मधली जागा गाळाने खाल्ली. वरच्या अंगाला असलेल्या अख्ख्या काश्यपी धरणाची साठवण १८५२ आहे, त्यावरून आपण काय गमावलंय ते बघा.

हा गाळ म्हणजे त्र्यंबक-अंबोलीकडच्या डोंगरांवरची माती. मागच्या पावसाळ्यात त्या बाजूला गेले होते, तेव्हा दोन बाटल्या भरून आणल्या. एक करवंदीच्या जाळ्या आणि ऐनाच्या झाडीतून येणाऱ्या ओहोळाची. दुसरी जेसीबीने कापलेल्या टेकडीखालच्या नाल्याची, दुधाळ चहाच्या रंगाची. रात्रभर ओट्यावर ठेवल्या. सकाळी पहिल्या बाटलीत तळाला दोन-चार कण होते. दुसरीत चांगला दोन बोटं गाळ बसला होता. एका लिटरच्या बाटलीत! आता त्या नाल्याला चार महिने वाहू द्या आणि असे किती नाले धरणाला मिळतात ते मोजा.

त्याच भागातल्या एका पाड्यावर एक आजी म्हणाल्या, "ताई, पावसाळ्यात दार उघडवत नाही एवढा पाऊस. अन् होळी झाली का हंडा घेऊन दरीत उतरायचं." नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्र्यंबकला २००० च्या वर. तरी उन्हाळ्यात टँकर त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर जातात आणि आपल्या सोसायटीत गाड्या धुतल्या जातात. मला याची खरंच लाज वाटते. उघड्या उतारावर पाणी थांबतच नाही. ते मातीसकट आपल्या धरणात येतं. वरच्या झऱ्यांना काही उरत नाही आणि खाली धरण उथळ होत जातं. दुखणं एकच आहे.

पाणलोटाच्या कामात 'माथा ते पायथा' म्हणतात ते याचसाठी. आधी माथ्यावर झाडी राखायची, गवत वाढू द्यायचं, उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले चर खोदायचे, घळीत दगडी बांध रचायचे. नाल्यावरचा सिमेंट बंधारा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, कारण बंधाऱ्यावर पाटी लावता येते, चरावर येत नाही. मग माथा तसाच उघडा राहतो आणि बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. निफाडचं नांदूरमध्यमेश्वर डोळ्यांसमोर आहेच. इंग्रजांच्या काळातला तो जलाशय गाळाने भरत भरत पाणथळ झाला. तिथे पक्षी आले, राज्यातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ झाली, याचा मलाही अभिमान आहे. पण गंगापूर तसं झालं तर शहराने प्यायचं काय?

गाळ उपसायला माझा विरोध नाही, शेतात गेला तर सोनंच आहे. पण वरून येणारा थांबवला नाही तर उपसणार किती? २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते होतील, घाट होतील. त्याच पैशातला वाटा ब्रह्मगिरीच्या उतारांना मिळाला पाहिजे, आणि ते काम तिथल्या पाड्यांतल्या माणसांच्या हातून, त्यांना रोजंदारी देऊन झालं पाहिजे. डोंगर कापणं तर आजच थांबायला हवं. ज्या गोदावरीत डुबकी मारायला लाखो लोक येणार, ती उगवते त्याच डोंगरात.

आणखी एक मागणी आहे. गंगापूरचे टक्के छापून येतात, तिथेच गाळाने आजवर किती जागा गेली तेही छापा. धरणांतला गाळ मोजणारी मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपल्याच दिंडोरी रोडवर आहे.