पृथ्वी फिरते म्हणून न्यूयॉर्क जवळ येत नाही

ठाण्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मुंबई–न्यूयॉर्क प्रवास म्हणे सहाच तासांचा, कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि पश्चिमेला निघालेल्या विमानाखाली न्यूयॉर्क आपोआप सरकत येतं. शिवाय कंपन्या नकाशावरची सरळ रेषा सोडून मुद्दाम वाकड्या वाटेने नेतात आणि जादा पैसे उकळतात. नौपाड्यातली माझी आत्या मुलाकडे न्यू जर्सीला निघाली आहे. तिने हे वाचून इन्सुलिनचा हिशेब सहा तासांवर बसवला. ते ऐकून डोकंच फिरलं.

सहा तास आले कुठून? रात्री दीडला सुटलेलं विमान सकाळी साडेसातला उतरतं यावरून. अहो, पण ते साडेसात तिथल्या घड्याळात! न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, थंडीत साडेदहा. तो फरक मिळवला की उन्हाळ्यातसुद्धा साडेपंधरा तास होतात. मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांना हे खरे तास सांगावेत, विमानतळावरचे तास वेगळे धरावेत, डोसच्या वेळा लिहून घ्याव्यात. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात ते गोठू शकतं.

आता पृथ्वीचं फिरणं. ठाण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,575 किमी वेगाने पूर्वेकडे जाते. मेसेज खरा असता, तर ठाण्यावर तासभर एका जागी तरंगणारं हेलिकॉप्टर खाली उतरताना ओमानच्या किनाऱ्याजवळ पोचलं असतं. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. वेळेत फरक पाडतो तो जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा. 8-9 फेब्रुवारी 2020 च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं विमान त्याच वाऱ्याच्या जोरावर न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. ते पूर्वेकडे चाललं होतं, म्हणजे मेसेजच्या नेमकं उलट. आपल्याकडूनही अमेरिकेला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी.

वाकड्या वाटेचं तर सोडाच. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की सरळ रेष फसवते. मुंबई–न्यूयॉर्क सर्वांत जवळचं अंतर सुमारे 12,500 किमी आहे आणि ती वाट उत्तरेला 64-65 अंशांपर्यंत चढते. नेहमीच्या नकाशावरच्या सरळ रेषेने गेलात तर सुमारे 14,200 किमी पडतं. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघा.

एक मात्र मान्य करावं लागेल, विमान दरवेळी जवळच्या वाटेनेच जातं असं नाही. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांना वळसा घ्यावा लागला आणि वेळ वाढला. पण त्या वळशाचं इंधन कंपन्यांनाच जाळावं लागतं, त्यात त्यांचा कसला फायदा?

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी आज त्याच ग्रुपवर खरे तास लिहावेत. आत्यासारखं आणखी कोणी औषधांचा हिशेब त्यावर बसवला असेल.