‘रिपोर्टच चुकीचा’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. वडिलांच्या पेट (PET) स्कॅनबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत: पहिल्या दिवशी उपाशीपोटी येऊनही परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी इंजेक्शननंतर तासभर एकट्याला गप्प बसवलं, आणि छातीतल्या ज्या लिम्फ नोडवर (लसिका ग्रंथीवर) रिपोर्टने बोट ठेवलं त्याच्या बायोप्सीत कॅन्सर निघालाच नाही. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो; पेशंटची बाकी माहिती इथे चारचौघांत मांडणार नाही.

शेवटचं आधी घेतो, कारण एकच स्टार मिळालाय तो त्यामुळे. या स्कॅनला कॅन्सर दिसत नाही, साखर कुठे जास्त ओढली जातेय ते दिसतं. टोचतो ते एफडीजी म्हणजे फ्लोरिन-18 हा किरणोत्सर्गी अणू जोडलेलं, ग्लुकोजसारखं औषध. बऱ्याच कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात, म्हणून त्या जागा उजळतात. पण टीबी, सारकॉइडोसिस (सूज येऊन गाठी होणारा, कॅन्सर नसलेला आजार), न्यूमोनिया, अगदी ऑपरेशननंतर भरत आलेली जखमसुद्धा तशीच उजळू शकते. एसयूव्हीचा, म्हणजे ती जागा किती उजळली त्याचा, आकडा मोठा म्हणजे कॅन्सरच, असं नसतं. म्हणून तर रिपोर्टमध्ये ‘बायोप्सी करून खात्री करावी’ असं लिहिलंय. तुम्ही टाकलेल्या फोटोतच शेवटच्या ओळीत ते वाचता येतं. (तो फोटो कृपया काढा, वडिलांचं नाव दिसतंय.) त्या नोडची शहानिशा न करता तो कॅन्सरच धरला असता, तर स्टेज वाढली असती आणि उपचारांचा बेतच बदलला असता.

पहिल्या दिवशी, तुम्हीच लिहिलंय तशी, रक्तातली साखर 200च्या वर होती. रक्तातली जादा साखर एफडीजीच्या आड येते, गाठी फिक्या दिसतात. इन्सुलिन देऊन लगेच स्कॅन केला तर औषध स्नायूंकडे वळतं. आणि फ्लोरिन-18 सुमारे 110 मिनिटांत निम्मं उरतं, त्यामुळे त्या दिवशीचा डोस उद्यासाठी ठेवता येत नाही. पेशंट परत पाठवणं आम्हालाही परवडत नाही.

बोलू न देण्याचं कारण साधं आहे: बोललं की स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. एकटं बसवतो ते इतरांना किरणोत्सर्ग नको म्हणून.

पुढचा स्कॅन कुठेही करा, पण या स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचा रिपोर्ट सोबत न्या. तोच नोड पुन्हा उजळला आणि जुन्या स्कॅनशी ताडून पाहता आलं नाही, तर नव्या डॉक्टरांनाही तीच शंका येईल.