आठ बार

"तोंडान फुकूक जमणा नाय काय?"

शनिवारी संध्याकाळी कुडाळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात एका अनोळखी म्हाताऱ्याने मला हे विचारलं. दुकानात सहा गिऱ्हाइकं होती, शिवाय चहा घेऊन आलेला पोरगा. सगळे हसले. पोरगा तर किटली खाली ठेवून हसला.

माझा गुन्हा एवढाच, की मला घरासाठी छोटा एअर कॉम्प्रेसर घ्यायचा होता. पेट्रोल पंपावर 'हवा बंद आहे' ही पाटी लागून इतके दिवस झाले, की आता पाटीलाच गंज चढलाय. मशीन बंद नसतं, हवा भरणारा पोरगा बंद असतो. तो उठला तर चारचाकीकडे जातो. स्कूटरवाल्याकडे, उधारी मागायला आल्यासारखं बघतो. पंपावर हवा फुकट द्यायची असा नियम आहे. पण नियम दाखवला की नळी फुटलेली असते. आणि टायर तरी किती सोसणार? मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेली पोरं आता मिसरूड तपासतायत, आम्ही अजून गणपतीला गावी पोचल्यावर आधी चाकं तपासतो.

तर पंधरा दिवस मी मोबाइलवर अभ्यास केला. खोक्यावर एचपी, म्हणजे मोटरची ताकद, ठळक छापतात आणि खरी गोष्ट, म्हणजे मिनिटाला हवा किती देतो ते सीएफएम, बारीक अक्षरात. तेही बऱ्याचदा पंपाच्या कागदावरच्या हिशेबाचं. नळीतून प्रत्यक्षात येणारी हवा त्याहून कमी. टायरला हे चालतं, रंगाच्या स्प्रे-गनला नाही. ती हवा अशी पिते, की छोटा पंप धापा टाकतो. एवढं पाठ करून मी दुकानात गेलो.

तात्या तिथे रंगाच्या डब्यावर बसले होते. छत्री मागे कॉलरला अडकवलेली, मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी लाल भाजी. ते नळाचा वॉशर घ्यायला आले होते. वॉशर मिळालाही होता. तो करंगळीत घालून, अंगठीसारखा फिरवत ते बसले होते. अशा माणसाला घाई नसते.

"खंयचे तुमी?" इथून सुरुवात झाली. 'तुमी'वरून 'तू'वर यायला त्यांना चार मिनिटं लागली.

दुकानदार म्हणाला, "हो बगा, चोवीस लिटर, आठ बारचो."

"आठ बार?" तात्यांची करंगळी थांबली. "ते बांद्याच्या फुडे गेल्यार लागतत."

पुन्हा हशा, कारण बांद्याच्या पुढे गोवा. मी समजावलं, की बार म्हणजे दाब, आठ बार म्हणजे साधारण ११६ पीएसआय. "आणि तुझ्या चाकाक किती व्हयो?" गाडीला तेहतीस, म्हटलं. "मगे उरलेलो खंय घालतलंस?"

उत्तर होतं. टाकीत दाब जास्त असला की साठा जास्त, एकदा भरली की चारही चाकांची कमी-जास्त सहज भागते. पण ते देईपर्यंत दुकानदाराने "ह्यो बिनतेलाचो, काय कटकट नाय" असं म्हणून टाकलं.

"बिनतेलाचो?" तात्यांनी सभेकडे पाहिलं. "बिनतेलाचो बांगडो कधी खाल्लंस?"

आता यात तथ्य आहे, हे मला माहीत होतं. तेलाचा पंप तुलनेने कमी आवाज करतो, जास्त टिकतो. पण तेलाची पातळी बघत बसावी लागते आणि हवेबरोबर तेलाचा अंश येतो, तो रंग बिघडवतो. हे मी सांगितलं. "रंग? कसलो रंग?" गेटाला मारायचाय. "ब्रश आसा मा घराकडे?" आहे. "मगे?"

दुकानदार म्हणाला, "तात्यानू, गिऱ्हाईक माझा आसा." तात्यांनी ऐकलं नाही. "फक्त हवाच भरूची तर गाडीच्या सिगारेटीच्या भोकात घालूचो बारको पंप येता. तो कित्याक नको?"

खरं सांगतो, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही. मला कॉम्प्रेसर हवा होता, कारण मला कॉम्प्रेसर हवा होता. त्या शांततेत तो तोंडाने फुंकायचा प्रश्न आला.

त्यानंतर तात्या एकदम गंभीर झाले. "माझ्या भाच्यान घेतलेल्यान. टाकयेखालचो नळ कधी सोडल्यान नाय. तीन पावसाळ्यांत आतसून गंजान गेली. मी सांगी होतंय, मेल्या, पाणी काड. तर म्हणता, हवेत पाणी खंयसून येतला? अरे, जून लागलो की हयसर हवेत पाणी नसता, पाण्यात हवा आसता."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला विनोद, दुकानदाराला ज्ञान.

मी तोच घेतला, चोवीस लिटरचा, बिनतेलाचा. रिकाम्या हाताने निघालो असतो तर तात्यांनी वॉशरबरोबर मलाही खिशात घातलं असतं. झाराप मागे पडल्यावर चोख उत्तर सुचलं: माणूस जीव खाऊन फुंकला तरी जेमतेम एक-दोन पीएसआय, आणि स्कूटरचं पुढचं चाकच बावीस मागतं! गाडीत मी एकटाच होतो. तरी मोठ्याने म्हणून घेतलं.

घरी सात वाजता लावला. मोटर 'हूंऽऽ' करून गप्प. चालू होताना ती एरवीच्या कित्येक पट करंट ओढते, आणि आमच्या वाडीत संध्याकाळी बल्बसुद्धा निरांजनासारखा जळतो. त्यात माझी लांब, बारीक वायरची एक्स्टेंशन. वीजवाल्यांना फोन केला, तर "वरूनच कमी येता". वरून म्हणजे कुठून, हे विचारायचं नसतं. शेवटी रात्री अकराला, वाडी झोपल्यावर, मशीन सुरू झालं. मग वाडी झोपलेली राहिली नाही.

आज सकाळी टाकीखालचा नळ सोडला. फुस्स करून हवेबरोबर पाणी आलं. खाली वाटी धरली होती. चार-पाच चमचे भरतील एवढं, गढूळ, लोखंडाचा वास मारणारं. पाच दिवसांत. मी वाटी तशीच परसात ओतायला निघालो, तर बायको दारात.

"ह्याच काय तां पाणी?" ती म्हणाली. "तात्या सांगी होते तां?"

मी घरात तात्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं.