ब्राउझरची वर्गणी

गेल्या रविवारी पुण्यातली तळजाई टेकडी उतरून आल्यावर चहा घेताना मी आमच्या ग्रुपमध्ये विचारलं, "ब्राउझरसाठी महिन्याला शंभर रुपये द्याल का?" ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्ससारखा वेबसाइट उघडायचा प्रोग्राम. आठ जण होतो. पाच जण लगेच नाही म्हणाले. एका ताईंनी विचारलं, "ब्राउझर म्हणजे गूगलच ना?" आणि आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका म्हणाले, "अरे, केबलचे पैसे भरतो आणि वर जाहिरातीही बघतो. इथेही तेच होणार असेल तर कशाला द्यायचे?"

काकांचा प्रश्न चार दिवस डोक्यातून गेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामं करतो. धनकवडीत छोटं ऑफिस आहे. सकाळी दहाला उघडलेला ब्राउझर रात्रीच बंद होतो. जीएसटीचं पोर्टल, बँक, मेल, क्लायंटच्या शीट्स, सगळं त्यातच. 20 तारखेला थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायच्या गडबडीत तर दुसरं काही उघडलेलंच नसतं. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन मी विकत घेतो, टोनर विकत घेतो, यूपीएसची बॅटरी खराब झाली की मुकाट्याने बदलतो. ज्या हत्यारावर दिवसाचे दहा तास जातात, त्याला मात्र मी आयुष्यात एक रुपया दिलेला नव्हता. सुताराने करवत फुकट आणलेली मी कधी पाहिली नाही.

हा विचार सुरू झाला तो आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांमुळे. त्यांना पासपोर्ट रिन्यू करायचा होता. लॅपटॉप उघडून त्यांनी वरच्या पट्टीत 'पासपोर्ट रिन्यूअल' टाइप केलं आणि जी पहिली लिंक आली ती दाबली. तिरंग्याचे रंग, अशोकस्तंभासारखं काहीतरी चित्र, व्यवस्थित फॉर्म. त्यांनी साडेतीन हजार भरले. आठ दिवस अपॉइंटमेंटचा मेसेज येईना, तेव्हा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. ती सरकारी साइट नव्हतीच. खऱ्या साइटवर नेहमीच्या 36 पानी पासपोर्टची फी 1,500 रुपये, ती वेगळी भरावीच लागली. मी त्यांच्यासमोर पुन्हा तेच शब्द टाइप केले आणि स्क्रीन जवळून बघायला सांगितली. लिंकच्या वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "मला वाटलं, मी सरळ पासपोर्ट ऑफिसलाच विचारतोय."

त्यांचं काय चुकलं? पत्ता लिहायच्या पट्टीत त्यांनी पत्ता विचारला. ती पट्टी विकलेली असते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

विकलेली हा शब्द मी विचार करून वापरतोय. अमेरिकेत गूगलवर मक्तेदारीचा खटला चालला, त्यात आकडे बाहेर आले. आपलं सर्च आधीपासून निवडलेलं असावं यासाठी गूगलने 2021 या एका वर्षात ब्राउझर कंपन्या, फोन कंपन्या आणि मोबाइल कंपन्यांना मिळून 2,630 कोटी डॉलर दिले. आजच्या भावाने हे दोन लाख कोटी रुपयांच्या वर जातात. एकट्या ॲपलला 2022 मध्ये सुमारे 2,000 कोटी डॉलर मिळाले. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. सप्टेंबर 2025 मध्ये पुढचा आदेश आला, त्यात गूगलला आपला क्रोम ब्राउझर विकायची सक्ती झाली नाही आणि असे पैसे द्यायलाही सरसकट बंदी घातली नाही. म्हणजे ब्राउझरला किंमत आहे, आणि भरपूर आहे. ती आपण देत नाही म्हणून दुसरं कोणीतरी देतं, आणि पट्टीवर हक्कही त्याचाच राहतो.

फायरफॉक्सची गोष्ट मला जास्त लागते. ना नफा तत्त्वावरच्या मोझिला फाउंडेशनच्या मालकीचा हा ब्राउझर, आणि त्याचं बहुतेक उत्पन्न येतं ते गूगलकडूनच, त्याच सर्चच्या जागेपोटी. प्रतिस्पर्ध्याच्या चेकवर घर चालवायचं, तर मोकळेपणाने बोलायचं कसं?

लोक ब्राउझर विकत घेणारच नाहीत, असं म्हणणाऱ्यांना थोडा इतिहास माहीत असावा. नव्वदच्या दशकात नेटस्केप चक्क विकला जायचा. घरी वापरून बघायला मिळायचा, कंपन्या पैसे मोजायच्या. किंमत 49 डॉलर, म्हणजे त्या वेळचे साधारण 1,700 रुपये. मग मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट दिला, पुढे विंडोजलाच जोडून टाकला, आणि जानेवारी 1998 मध्ये नेटस्केपलाही किंमत काढून टाकावी लागली. नॉर्वेचा ऑपेरा त्यानंतरही तग धरून होता. पैसे भरा, नाहीतर वर जाहिरातीची पट्टी सहन करा, असा त्यांचा हिशोब होता. सप्टेंबर 2005 मध्ये तोही पूर्ण फुकट झाला. लोकांनी नाकारलं म्हणून विक्री बंद पडली, हे अर्धंच खरं. शेजारी फुकट वाटणारा बसला की दुकान चालत नाही, हे कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा.

आणि सॉफ्टवेअरला पैसे देत नाहीत हे तर पुण्यात तरी कोणी म्हणू नये. कैलास काटकर यांनी इथे कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली आणि भाऊ संजय यांच्या साथीने क्विक हील उभं केलं. तो पायरसीचा काळ होता. अर्ध्या शहरात विंडोज चोरीची होती, तरी अँटिव्हायरसचं खोकं लोक पैसे देऊन घेत होते आणि वर्ष संपलं की रिन्यूही करत होते. का? कशाचे पैसे देतोय ते कळत होतं म्हणून. आदल्या महिन्यात व्हायरसने फायली खाल्लेल्या असायच्या.

मात्र ब्राउझरला सरसकट किंमत लावा, असं मी म्हणणार नाही. वेब उभं राहिलं तेच मुळी 30 एप्रिल 1993 ला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने ते सगळ्यांसाठी खुलं केलं म्हणून. आठ हजारांच्या फोनवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरणाऱ्या मुलीकडे ब्राउझरचे पैसे मागायचे, हे मला मान्य नाही. आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे: वर्गणी. ज्याला जमतं तो देतो, आणि गणपती सगळ्या गल्लीचा असतो.

आमच्या लहानपणी मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात यायची. अकरा, एकवीस, फार तर एकावन्न रुपये. आमचे आजोबा पावती घडी करून पंचांगात ठेवायचे, आणि नंतर देखावा बघताना हक्काने सांगायचे, "आवाज जरा जास्त आहे, समोर म्हातारी माणसं राहतात." आणि आवाज कमी व्हायचा, कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात यायचं असायचं. नंतर रस्त्यावर जाहिरातींच्या कमानी आल्या. एका कमानीचे पैसे अख्ख्या गल्लीच्या वर्गणीला भारी पडायला लागले. मंडळांना मी दोष देत नाही, खर्चही तसे वाढले. पण कमान कुठे लागणार हे आता गल्लीतल्या माणसाला विचारून ठरत नाही. ब्राउझरमध्ये नेमकं हेच झालंय.

बरं, खर्च खराच मोठा आहे. ब्राउझर म्हणजे काही कोटी ओळींचा कोड. सुरक्षेतली भोकं दर काही आठवड्यांनी बुजवावी लागतात, नाहीतर माझ्या क्लायंटच्या बँकेच्या लॉगिनवर कोणीतरी बसलंच. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं इंजिन, म्हणजे वेबचं पान स्क्रीनवर उभं करणारा ब्राउझरचा गाभा, सोडून दिलं. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने डिसेंबर 2018 मध्ये हात टेकले आणि आपल्या एज ब्राउझरसाठी क्रोमियम, म्हणजे गूगलचा क्रोम ज्यावर उभा आहे तो खुला कोड, घेतलं. मोझिलाने ऑगस्ट 2020 मध्ये सुमारे 250 माणसं कमी केली. आज जगात मोठी अशी तीनच इंजिनं उरली आहेत, आणि त्यातल्या दोघांचे मालक गूगल आणि ॲपल. सरकारच्या भारतीय ब्राउझर स्पर्धेत झोहोने एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळवलं, याचा आनंदच आहे. पण त्यांचा उला हा ब्राउझरही क्रोमियमवरच उभा आहे, आणि बक्षीस एकदाच मिळतं. ब्राउझरला दर महिन्याला पगार लागतात.

मग वर्गणीवर चालतं का? थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम आज मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो. एके काळी मोझिलानेच तो बाजूला ठेवला होता, लोकांनी पैसे दिले आणि तो पुन्हा उभा राहिला. कागी नावाची कंपनी जाहिराती न दाखवता सर्च पैसे घेऊन देते, आणि त्यांच्या ओरायन ब्राउझरलाही लोक स्वखुशीने पैसे देतात. लेडीबर्ड नावाचा एक गट देणग्यांवर शून्यापासून नवं इंजिन लिहितोय. हे लहान आहेत, मान्य. मोठ्याला द्यावं म्हटलं, तर मोझिला फाउंडेशनला दिलेली देणगी फायरफॉक्स बनवण्यावर खर्च होत नाही, कारण ते काम वेगळ्या कंपनीकडे आहे. हे कळलं तेव्हा मी खरंच निराश झालो. द्यायची इच्छा असलेल्या माणसाला पावती फाडायला टेबलच नाही!

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. बाहेरच्या प्रोजेक्टला द्यायचं तर डॉलर, इंटरनॅशनल कार्ड, आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून दर महिन्याच्या आपोआप कपातीला रिझर्व्ह बँकेचे नवे नियम. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे, पण माझी दरमहा कपात दोनदा फेल गेली आणि मग राहूनच गेली. भाजीवाल्या मावशींना वीस रुपये ज्या सहजतेने यूपीआयने जातात, तशी शंभर रुपयांची सोय कोणी केली, तर तळजाईवरचे पाच 'नाही' पाचच राहतील असं मला वाटत नाही.

काकांना उत्तर द्यायचं राहिलं. त्यांची शंका रास्त आहे. केबलवाला आपल्याला जमाखर्च दाखवत नाही, म्हणून पैसे भरूनही आपण गिऱ्हाइकच राहतो. ज्याला वर्गणी द्यायची त्याने वर्षाला हिशोब मांडावा: लोकांकडून किती आले, सर्च कंपनीकडून किती आले, कोणाच्या पगारावर किती गेले. लोकांचा वाटा दरवर्षी वाढताना दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर वर्गणी बंद करावी, मीही करेन. हे मी बुधवारी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "हिशोब दाखवणार असतील तर पन्नास लिही माझ्या नावावर."

माझ्या ऑफिसच्या वहीत सॉफ्टवेअरच्या खात्याला या एप्रिलपासून महिना शंभर रुपये धरलेत. सध्या ते साठवून वर्षातून एकदा थंडरबर्डला हाताने पाठवणार आहे. ब्राउझरसाठी पावती फाडणारं कोणी भेटलं की तिकडे वळवेन.