बहिणीला स्टेमसेल देऊ द्या

मोठ्या दादाला एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. किमोनं आजार आटोक्यात आला, पण उलटायचा धोका मोठा होता. मुंबईच्या डॉक्टरांनी बोनमॅरो ट्रान्सप्लांट करायला सांगितलं, म्हणजे हाडातल्या मगजाच्या (मॅरोच्या) जागी दुसऱ्याच्या स्टेमसेल, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, द्यायच्या. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. माझं जुळलं नाही, अमळनेरला दिलेल्या ताईचं जुळलं. इकडे आई देवापुढे साखर ठेवतेय आणि तिकडे ताईच्या सासरी विरोध सुरू! "हाडं पोकळ व्हई जातीन." "पुढे मूलबाळ झालं नाही तर?"

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुनेला माहेरी पाठवायला कुणी आडकाठी करत नाही. मग भावाचा जीव वाचवायलाच का? मला याचा फार त्रास झाला, म्हणून लिहितोय.

हाड कापत नाहीत. ताईला चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन होतं, त्यानं मॅरोतल्या पेशी रक्तात उतरतात. कंबर आणि मांड्या ठणकल्या, डोकं दुखलं, पॅरासिटामॉलवर भागलं. मग मशीन. एका हातातून रक्त जातं, स्टेमसेल तेवढ्या वेगळ्या होतात, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत शरीरात. ओठांना मुंग्या आल्या, तर नर्सनं लगेच कॅल्शियम दिलं. संध्याकाळी ती आमच्यासोबत वरण-भात जेवली. दिलेल्या पेशी शरीर पुन्हा तयार करतं, आणि याचा मूल होण्याशी संबंध नाही.

खरे हाल पेशंटचे. आधी जबरदस्त किमो देऊन त्याची स्वतःची मॅरो संपवतात. नंतर ताईच्या पेशींची ती लालसर पिशवी साध्या रक्तासारखी चढवली. ऑपरेशन नाहीच. त्या पेशी आपल्या आपण हाडात जाऊन बसतात, पण रुजायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर प्रतिकारशक्ती शून्य. तोंडभर फोड, थुंकी गिळवत नव्हती. खोलीत एकच नातेवाईक, तोही मास्क लावून, हात धुऊन. कच्चा कांदा, कोशिंबीर बंद, सगळं ताजं शिजवलेलं. रोज सकाळी रिपोर्ट आला की वहिनी आधी पांढऱ्या पेशींचा आकडा विचारायची. सुट्टी झाली तरी अंगावर पुरळ, जुलाब, कावीळ यांवर नजर ठेवावी लागते, कारण नव्या पेशी शरीरालाच परकं समजू शकतात. म्हणून पहिले शंभर दिवस दवाखान्याजवळच राहायला सांगतात.

दादाचा रक्तगट बी पॉझिटिव्ह होता. आता तो ताईचा, ओ पॉझिटिव्ह झालाय!

पूर्ण जुळणारं भावंड नसेल तरी हातपाय गाळू नका. आई-वडील, मुलं यांच्याकडून अर्ध्या जुळणीचा ट्रान्सप्लांटही होतो. शिवाय स्टेमसेल द्यायला तयार असणाऱ्यांची नावं नोंदवणाऱ्या दात्री, डीकेएमएस अशा संस्था आहेत. तरुण मुलांनो, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की नमुना झाला, नाव नोंदवा. खर्चासाठी आधी दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात जा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसालाही बरीच मिळते, तो फॉर्म तिथूनच भरून घ्या.

रावेर, यावल, चोपडा, पारोळा, कुठेही कुणाच्या घरी हाच पेच असेल तर मला मेसेज करा. ताई स्वतः फोनवर बोलायला तयार आहे, मुलीच्या सासू-सासऱ्यांशीसुद्धा, अहिराणीत.