मुद्दाम हरा म्हणे!

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे, नागपुरात शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. परवा त्याचा फोन आला. "मामा, साखळीतला शेवटचा सामना सोडून दिला तर पुढच्या फेरीत सोपा संघ समोर येतो. सोडू का?" ही अक्कल कुठून आली असं विचारलं, तर त्याने सगळीकडे फिरणारा तो मेसेज पाठवला. त्यात म्हटलंय: हरणं हीच गुंतवणूक. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने तीन वर्षं मुद्दाम हरून दाखवलं, ओक्लाहोमा तर तसंच करून जिंकलं. तळाला जा, सर्वांत मोठा तारा फुकट मिळवा. तरुण पोरं दडपणाशिवाय शिकतात, विजेतेपद मागून येतं, आणि हे सगळं नियमात बसतं. खाली उगवत्या सूर्याचं चित्र, पुढे हात जोडलेले.

तर घेऊ एकेक.

"तळाच्या संघाला सर्वोत्तम खेळाडू मिळतो." एनबीएत दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि पहिली निवड कोणाची हे 1985 पासून लॉटरीने ठरतं. पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिल्या क्रमांकाची 25 टक्के संधी असायची. लोक फारच उत्साहाने हरायला लागले, म्हणून 2019च्या लॉटरीपासून तळाच्या तिन्ही संघांना सारखी 14 टक्के संधी आली. आता 2019 ते 2025 अशा सात लॉटऱ्यांमध्ये तळाच्या संघाला कितवा क्रमांक मिळाला ते बघा: तिसरा, दुसरा, दुसरा, तिसरा, पाचवा, पाचवा, पाचवा. पहिला एकदाही नाही. डेट्रॉइटने 2023-24मध्ये सलग 28 सामने हरून दाखवले, 82 पैकी 14 जिंकले आणि पाचवा क्रमांक घेऊन घरी गेले. त्याच्या आदल्या वर्षीही तळाला राहून त्यांना पाचवाच मिळाला होता. 2025 साली तळाला यूटा होतं. त्या वर्षी पहिला निवडला गेलेला कूपर फ्लॅग मात्र गेला डॅलसला, ज्यांची संधी होती 1.8 टक्के. मेसेज लिहिणाऱ्याने हा एक तक्ता पाहिला असता तरी बोटं आवरली असती.

आणि पहिला क्रमांक मिळाला म्हणून तारा मिळतो असंही नाही. निकोला योकिच 41वा निवडला गेला, यानिस आंटेटोकुंम्पो 15वा. दोघांनीही आपापल्या संघाला विजेतेपद मिळवून दिलं.

आता फिलाडेल्फिया. मेसेजमधला "तरुण पोरं दडपणाशिवाय शिकतात" हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, आणि तो इथेच तपासता येतो. संघाचा कारभार बघायला सॅम हिंकी 2013च्या मे महिन्यात आले. ड्राफ्टच्या रात्रीच त्यांनी जरू हॉलिडे हा नुकताच ऑलस्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना, खेळलेला गार्ड न्यू ऑर्लीन्सला देऊन टाकला. पुढचे तीन हंगाम: 19, 18 आणि 10 विजय. पराभव 199. चांगला अनुभवी खेळाडू ठेवला तर चुकून सामने जिंकले जातात, म्हणून तो ठेवायचाच नाही, हा हिशोब होता. मग एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी शिकायचं कोणाकडून? मायकल कार्टर-विल्यम्स पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, दुसरा हंगाम संपायच्या आत त्याला विकून टाकलं. नर्लेन्स नोएल आणि जहलील ओकाफोर, दोघेही वरचे पिक (म्हणजे ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी), दोघेही एकाच जागेवर खेळणारे, त्यात तिसरा जोएल एंबीड. 2016च्या जानेवारीत शेवटी छत्तीस वर्षांच्या एल्टन ब्रँडला बोलावून आणलं, ड्रेसिंग रूममध्ये कोणीतरी मोठं माणूस असावं म्हणून. घर रिकामं करून झाल्यावर आजोबा आणण्यातला प्रकार. एप्रिलमध्ये हिंकींनी 13 पानी पत्र लिहून राजीनामा दिला. राजीनाम्याला 13 पानं!

एंबीड ग्रेट आहे, वादच नाही. पायाच्या दुखापतीने पहिली दोन वर्षं एकही सामना न खेळता 2023 साली तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण त्याच्या भोवती जे उभं करायचं होतं त्याचं काय? बेन सिमन्स 2016चा पहिला पिक, 2022 साली ब्रुकलिनला गेला. मार्केल फुल्ट्झ 2017चा पहिला पिक. त्याच्यासाठी बॉस्टनशी सौदा करून वर सरकले, तो फिलाडेल्फियाकडून 33 सामने खेळला. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटमला घेतलं. 2019 साली प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, टोरंटोविरुद्ध निर्णायक सातव्या सामन्यात त्यांच्या कवाय लेनर्डचा शेवटचा शॉट रिंगवर चार वेळा उडून आत पडला, ते दुर्दैव, मान्य. पण 2001 नंतर 2025पर्यंत हा संघ प्लेऑफची दुसरी फेरी एकदाही ओलांडू शकला नाही. आणि तो विकलेला जरू हॉलिडे? 2021 साली मिल्वॉकीबरोबर एक आणि 2024 साली बॉस्टनबरोबर एक, अशी दोन विजेतेपदं.

ओक्लाहोमाचं उदाहरण खोटं नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. ते दोन हंगाम हरले, त्यातून 2022 साली दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन मिळाला आणि 2025 साली ते जिंकले. पण त्यांचा मुख्य खेळाडू शे गिलजस-अलेक्झांडर 2019 सालीच पॉल जॉर्जच्या बदल्यात आला होता. जेलन विल्यम्सचा पिकही त्याच सौद्यातला. हरणं कमी, घासाघीस जास्त. दुसरं उदाहरण द्याल सॅन अँटोनियोचं: त्यांना 1997 साली पहिल्या क्रमांकावर टिम डंकन हा तारा मिळाला, पण ते हरले कारण त्यांचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे जेमतेम 6 सामने खेळला होता. त्या वर्षी बॉस्टन त्यांच्यापेक्षा जास्त हरलं आणि त्यांच्या हाती तिसरा आणि सहावा क्रमांक आला.

"नियमात बसतं" म्हणे. 2023च्या एप्रिलमध्ये डॅलसने शिकागोविरुद्ध हरण्यासाठी मुख्य खेळाडू बाहेर बसवले, लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला.

राहिला भाच्याचा सामना. त्याच्या स्पर्धेत ड्राफ्ट नाही, लॉटरी नाही, त्यामुळे मेसेज खरा असता तरी त्याला लागू नव्हता. त्याला जवळचं उदाहरण 2012च्या लंडन ऑलिंपिकचं आहे. बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत पुढे सोपी जोडी मिळावी म्हणून चीन, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियाच्या चार जोड्यांनी सर्व्हिस नेटमध्ये मारायला सुरुवात केली, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि आठही जणींना स्पर्धेतून हाकललं. हे सगळं त्याला लिहून पाठवलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, म्हणजे वाचलेलं नाही: "पण मामा, ओक्लाहोमा?"

वर लिहिलंय, बाळा. वाच.