रिकाम्या गाड्या धावताहेत, मग मार्गिका बंद का?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की नवी मेट्रो मार्गिका उशिरा उघडली तर लोक चार शिव्या घालतात, पण कच्ची उघडली तर ती पुढे कित्येक वर्षं छळते. त्यावर तुमचं म्हणणं असं की मी प्रशासनाची वकिली करतोय. तुमच्या गॅलरीसमोरून रोज रिकाम्या गाड्या ये-जा करतात. आत दिवे लागलेले, पाटीवर शेवटच्या स्थानकाचं नाव, आणि तुम्ही मात्र खाली बसच्या रांगेत. ‘सुरक्षेसाठी’ असं एकदा म्हटलं की पुढे कुणी काही विचारायचंच नाही, ही सोय नेमकी कुणाची, असंही तुम्ही विचारलंय.

हा शेवटचा प्रश्न जबरदस्त आहे. त्याच्याकडे येतोच. आधी रिकाम्या गाडीचं बघू.

गॅलरीतून गाडी पळताना दिसते याचा अर्थ रूळ आहेत, वीज आहे आणि गाडी चालते. मार्गिका चालते असा त्याचा अर्थ होत नाही. त्या ‘रिकाम्या’ गाडीत पुष्कळदा वाळूची पोती भरलेली असतात. खच्चून भरलेल्या गाडीइतकं वजन टाकून ब्रेक किती अंतरात लागतो ते मोजायचं असतं. दहा मिनिटांनी एक गाडी सोडणं वेगळं आणि अडीच मिनिटांनी एक सोडणं वेगळं. सिग्नल यंत्रणेचा खरा कस दुसऱ्यात लागतो. शिवाय बोगद्यात धूर सोडून पंखे तो कुठल्या बाजूला ढकलतात हे तपासायचं, मधेच वीज तोडून माणसं खाली उतरवायची, एका गाडीचं दार अडलं तर मागच्या पाच गाड्यांचं काय करायचं याची नियंत्रण कक्षात तालीम करायची. यातलं तुम्हाला खिडकीतून काहीही दिसणार नाही, आणि नेमकं हेच राहिलेलं असतं.

लंडनच्या एलिझाबेथ लाइन या रेल्वे मार्गिकेचं उदाहरण यासाठी पाठ करून ठेवावं असं आहे. डिसेंबर २०१८ ला ती सुरू होणार होती. तारीख हुकणार हे जाहीर झालं ऑगस्ट २०१८ च्या अखेरीस, म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने आधी! तोवर सगळं वेळेवर असल्याचंच लोकांना सांगितलं जात होतं. खरं तर नोव्हेंबर २०१७ मध्येच पूर्व लंडनमधल्या पुडिंग मिल लेन इथे वीजपुरवठा चालू करताना स्फोट झाला होता आणि गाड्यांच्या चाचण्या लांबल्या होत्या. त्यात एकाच गाडीला तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांतून जायचं होतं. मधल्या बोगद्यात एक, हीथ्रो विमानतळाच्या बाजूला दुसरी, जुन्या रेल्वेमार्गावर तिसरी, आणि एकीतून दुसरीत जाणं धावता धावता. हे जुळवणं म्हणजे मुख्यतः सॉफ्टवेअरचं काम. ते काँक्रीटसारखं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘९० टक्के काम पूर्ण’ छापाच्या आकड्यांत ते हरवून जातं. (असे आकडे ऐकले की मी तरी आधी विचारतो, कशाचे टक्के?)

शेवटी मे २०२१ पासून बोगद्यात नियमित चाचणी-फेऱ्या, नोव्हेंबरपासून आपत्कालीन प्रसंगांच्या तालमी, आणि २४ मे २०२२ ला उद्घाटन. म्हणजे लंडनकरांच्या पायाखालून वर्षभर प्रवाशांविना गाड्या धावत होत्या. तरीसुद्धा उघडली तेव्हा रविवारी सेवा बंद होती आणि बाँड स्ट्रीट स्थानक ऑक्टोबरपर्यंत तयार नव्हतं.

तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये जो अहवाल दिला, त्यातला ठपका तुमच्या-माझ्या वादाला नेमका लागू पडतो. ठरलेल्या तारखेला फार काळ चिकटून राहिल्यामुळे प्रकल्पाचं नुकसान वाढलं, असं तो म्हणतो. तारीख गाठायची म्हणून बांधकाम आणि चाचण्या एकमेकांवर चढवल्या. बोगद्यात एकीकडे कामगार आणि दुसरीकडे गाड्या, अशी गर्दी झाली की दोन्ही कामं रखडतात.

आता तारीख हुकल्यावर दडपणाखाली मार्गिका उघडली तर काय होतं ते कॅनडातल्या ओटावात बघा. तिथली कॉन्फेडरेशन लाइन ही शहरी रेल्वे मार्गिका २०१८ मध्ये मिळायची होती, ती १४ सप्टेंबर २०१९ ला धावली. लोक कावलेले, महापालिका घायकुतीला आलेली. अखेरची चाचणी सलग १२ दिवसांची होती. सुरुवातीचे दिवस वाईट गेले, तेव्हा निकषच सैल केला. गाड्यांनी ठरलेल्या अंतरापैकी किती कापायचं, त्याच्या ९८ टक्क्यांचे ९६ केले आणि १२ पैकी चांगले ९ दिवस धरायचं ठरलं. परीक्षा चालू असताना पास होण्याचे गुण कमी केले! हळूहळू सुरुवात करू, हा कंत्राटदारांचा प्रस्तावही महापालिकेने मानला नाही. मेट्रो सुरू झाल्यावर समांतर बस जेमतेम तीन आठवडे ठेवल्या, मग काढून घेतल्या. त्याच आठवड्यात दारं अडकू लागली. कुणी चढताना दार धरून ठेवलं की ते बिघडायचं आणि एका दारापायी अख्खी मार्गिका ठप्प. २०२१ मध्ये सहा आठवड्यांच्या आत दोनदा गाडी रुळावरून घसरली आणि दुसऱ्या वेळी सेवा जवळपास दोन महिने बंद राहिली.

हे वाचून तुम्ही म्हणाल, बघा, पुन्हा ‘थांबा’ असंच सांगतोय. तसं नाही. इथेच मी तुमच्या बाजूला येतो. ओटावाच्या या मार्गिकेवरच्या न्यायमूर्ती विल्यम हूरिगन यांच्या चौकशी अहवालात सगळ्यात झोंबणारी गोष्ट दारांची किंवा चाकांची नाही. चाचणीचा निकष बदलल्याचं निवडून आलेल्या नगरसेवकांनाच सांगितलं नव्हतं, ही आहे. ‘सुरक्षा’ हा शब्द तुम्हाला ढालीसारखा वाटतो, तो अशा कारभारामुळेच. चाचण्या चालू आहेत एवढंच सांगायचं. कुठल्या, किती, कोणत्या निकषावर, आणि काल किती फसल्या हे मात्र गुलदस्त्यात ठेवायचं. अशाने लोक विश्वास ठेवतील तरी कशावर?

टोरांटोत तर त्याहून पुढची पायरी गाठली. एग्लिंटन क्रॉसटाउन या मार्गिकेचं काम २०११ ला सुरू झालं, २०२० ची मुदत गेली, पुढच्याही गेल्या, आणि मग तारीख सांगणंच बंद केलं. हे मला खोट्या तारखेहून वाईट वाटतं. लंडनने निदान एका तारखेऐवजी सहा महिन्यांची मुदत सांगून पाहिली. तीही हुकली, ते सोडा, पण अनिश्चितता आहे हे कबूल तरी केलं.

म्हणून ‘कधी उघडणार?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्याला उत्तर म्हणून एक तारीख फेकली जाते आणि आपण गप्प बसतो. काय उरलंय त्याची यादी मागा. कोणत्या स्थानकाला अग्निशमनाची मंजुरी नाही, सिग्नल सॉफ्टवेअरची कितवी आवृत्ती चालू आहे, चाचणीत पास कशाला म्हणायचं आणि हे कोण ठरवतं. ही माहिती दर आठवड्याला स्थानकाच्या दारावर चिकटवायला कुणाची काय हरकत आहे? आणि तुम्ही ज्या बसच्या रांगेत उभे असता, ती बस मेट्रो सुरू झाल्यावर किती महिने राहणार, हे आजच लेखी घ्या. त्याबद्दल उद्घाटनाआधी कुणी बोलत नाही.

उरली फीत कापायची गोष्ट. कुणा नेत्याला वेळ नाही म्हणून गाडी थांबलीय, असा तुमचा आरोप आहे. स्वतंत्र सुरक्षा यंत्रणेने प्रमाणपत्र दिलं असेल, कर्मचारी तयार असतील आणि तरी मार्गिका समारंभाची वाट बघत असेल, तर त्या दिरंगाईला माझ्याकडे एका ओळीचंही समर्थन नाही. ती गर्दीतल्या प्रत्येक माणसाच्या वेळेची सरळसरळ चोरी आहे. तुमच्या मार्गिकेला ते प्रमाणपत्र मिळालंय का, कोणत्या तारखेला, आणि त्यात काही अटी घातल्यात का, एवढं शोधून इथेच टाका. मिळालं असेल तर पुढचा लेख त्यावरच लिहितो.